पंधरा दिवस मी गाडी होतो

जळगावात आमचा स्टँड आहे, पहूरला जाणाऱ्या गाड्यांचा. एकामागे एक एकवीस काळ्या-पिवळ्या लागतात. पहिली भरली की निघते, मागच्या सगळ्या पुढे सरकतात. प्रत्येकाला नंबर आहे. तो नंबर गाडीचा नाही, माणसाचा. गाडी बदलली तर चालते, पण गाडीच नसली तर पंधरा दिवस. पंधराव्या दिवशी सातची शेवटची गाडी सुटेपर्यंत तुमची गाडी आली नाही, तर नाना वहीतलं नाव खोडतात आणि वाट बघणाऱ्यांतला पहिला माणूस त्या जागी येतो. कागद मागून झाले तरी नाना चालवून घेतात. गाडी मात्र डोळ्याला दिसली पाहिजे.

नाना म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने ड्रायव्हर. आता गाडी चालवत नाहीत, लिंबाखाली खुर्ची टाकून बसतात आणि नंबर पुकारतात. त्यांचा शब्द फिरत नाही. त्यांच्या सख्ख्या भाच्याचा नंबर त्यांनी खोडलेला मी पाहिला आहे, आणि भाचा रडत असताना त्यालाच चहा आणायला पाठवलेलंही पाहिलं आहे.

माझा नंबर सतरा. खरं म्हणजे तो माझ्या सासऱ्यांचा. त्यांना सगळे आबा म्हणायचे. मी त्यांच्या गाडीवर क्लीनर होतो. शाळेत मी दोनदाच गेलो, दुसऱ्यांदा गेलो तो पहिल्या दिवशी विसरलेली चप्पल आणायला. तरी आबांनी मला मुलगी दिली, आणि जाताना नंबरही दिला. स्टँडवर म्हणतात, आबांनी जन्मात एकच चूक केली आणि ती चूक रोज सकाळी आंघोळ करून कामाला येते.

बायको सातवी शिकलेली आहे. ती जास्त बोलत नाही. आबा गेले तेव्हा एवढंच बोलली होती, "बाकी काही नका सांभाळू. आबांचा नंबर तेवढा सांभाळा." मी म्हटलं, ते काय अवघड आहे. मला नेहमीच आधी सगळं सोपं वाटतं.

माझी जुनी डिझेल गाडी यंदा पासिंगला बसेना. तपासणारा साहेब खाली वाकून म्हणाला, "हिच्यातून रस्ता दिसतो." मी म्हटलं, "साहेब, ड्रायव्हरला रस्ता दिसलाच पाहिजे." तो हसला आणि नापास करून गेला. तेव्हा मी ठरवलं की आता इलेक्ट्रिक घ्यायची. गॅसच्या पंपावरची रांग गॅसवर चालवणाऱ्या आमच्या ड्रायव्हर भावांनी बघितली आहे, तिथे माणसं डबा खाऊन झोपतात. आणि खरं सांगायचं तर दुसरं कारण मोठं होतं. आख्ख्या स्टँडवर पहिली इलेक्ट्रिक माझी, ही हौस.

जळगावचा शोरूमवाला म्हणाला तीन महिने. धुळ्याच्या शोरूममधली मॅडम म्हणाली, "आठ दिवस, सर." मला जन्मात कोणी सर म्हटलं नव्हतं. मी तिथल्या तिथे बुकिंग करून आलो. दुसऱ्या दिवशी बोदवडचा एक जण जुन्या गाडीचे पार्ट घ्यायला आला. आजच पाहिजे म्हणाला. मी देऊन टाकली. नाना म्हणाले, "नवी हातमा ये तवलोंग ठेव." नवी हातात येईपर्यंत ठेव. मी म्हटलं, "नाना, आठ दिवसांवर आली आहे, आता जुन्या बायकोसारखी दारात कशाला?" सगळे हसले. बायकोच्या कानावर हे गेलं, पण तो वेगळा विषय आहे.

पहिल्याच सकाळी मी सवयीने साडेसहाला स्टँडवर गेलो आणि तिथे गेल्यावर आठवलं की आपल्याकडे गाडी नाही. सोळा आणि अठराच्या मध्ये बरोबर एका गाडीची जागा रिकामी होती. दात पडल्यासारखी दिसत होती. मी जाऊन त्या जागेत उभा राहिलो.

नाना म्हणाले, "तू आठे काय करी राह्यना?"

"नंबर लावला आहे, नाना."

"गाडी कोठे शे?"

"मीच गाडी. इलेक्ट्रिक आहे, म्हणून आवाज नाही."

स्टँड नुसता फुटला हसून. सोळा नंबर पुढे सरकला तसा मीही चार पावलं सरकलो, हाताने स्टेअरिंग धरल्यासारखं करून. अठरावाल्याने मागून हॉर्न दिला. एक म्हातारी अक्का, बोचकं घेऊन पहूरला निघालेली, माझ्याजवळ येऊन खरंच म्हणाली, "किती सीटा झाल्या रे भाऊ?" मी म्हटलं, "अक्का, मागची गाडी बघा, माझं चार्जिंग व्हायचं आहे."

नाना हसले नाहीत. म्हणाले, "ऱ्हाय उभा. पन पंधरा दिन. सोळावा दिन मी कोणंच ऐकाव नही."

त्या दिवशी मजा आली. दुसऱ्या दिवशीही आली. मे महिना होता, लग्नसराई, सीटा धडाधड भरत होत्या, आणि माझा नंबर आला की मी पुढे जाऊन उभा राहायचो आणि माझ्या सीटा अठराला देऊन मागे जायचो. चौथ्या दिवसापासून मजा कमी झाली. जळगावचं ऊन, दोन तापलेल्या बॉनेटच्या मध्ये माणूस. डोक्यावर ओला टॉवेल टाकायचो, तो दोन नंबर पुढे सरकेपर्यंत कडक व्हायचा. पण आता बंद करता येईना. मी नाही उभा राहिलो तर ती रिकामी जागा दिसायची. मी उभा असलो की निदान जागा दिसत नव्हती.

आता पहूरवाल्याचं सांगतो. वाट बघणाऱ्यांत पहिला नंबर त्याचा होता. चाळिशीचा माणूस, स्वतःची चांगली जीप, दोन वर्षं स्टँडच्या बाहेर भिंतीला लावून उभा. स्टँडवर गर्दी झाली आणि नाना म्हणाले तरच त्याला एखादी खेप मिळायची. माझी गाडी गेली त्या दिवशीपासून सगळ्यांचं गणित साधं होतं. माझी आली नाही तर सतरा त्याचा.

आणि हा माणूस रोज सकाळी मला चहा आणून द्यायचा.

"जय भीम, भाऊ. आली का काही खबर?"

"निघेल आज-उद्या."

"येईल येईल. टेन्शन नका घेऊ."

त्याने एकदा जरी वाकडं तोंड केलं असतं ना, मला बरं वाटलं असतं. तो मनापासून विचारायचा. माझ्या डोक्यावरचा टॉवेल नळाखाली भिजवून आणायचा. मला वाटायचं, हा माणूस मला उन्हात मरू देत नाही कारण मेलो तर पंधरा दिवस मोजायचे कसे हा प्रश्न पडेल. माझी बुद्धी अशी चालते.

शोरूममधून फोनवर मेसेज यायचे, सगळे इंग्रजीत. मराठीत आले असते तरी माझ्यासाठी सारखेच. घरी बायकोला दाखवायची सोय नव्हती, कारण तिला मी सांगून ठेवलं होतं की गाडी धुळ्यात येऊन पडली आहे, फक्त नंबर प्लेट बाकी आहे. आता नंबर प्लेट किती दिवस बाकी राहणार, पण तोंडातून निघून गेलं. मग स्टँडवर चहावाल्या चाचांकडे जायचो. "चाचा, चष्मा घरी राहिला, जरा वाचा बरं." चाचा म्हणाले, "भाऊ, पंधरा साल से देखतो, तुमचा चष्मा घरीच ऱ्हातो. एकदा त्याला फिरायला तर आणा."

पण चाचांपुढे दुपारी गिऱ्हाईक असायचं. मोकळा माणूस एकच, पहूरवाला. बारावी झालेला. सहाव्या दिवशी मेसेज आला तेव्हा मी फोन त्याच्या हातात दिला, आणि देता देताच मला कळलं की मी कोणाच्या हातात काय देतो आहे.

त्याने वाचलं. "भाऊ, गाडी कारखान्यातून सुटली आहे. ट्रेलरवर चढली. चार-पाच दिवसांत धुळे."

"नीट वाच."

"नीटच वाचलं."

मी फोन घेतला, लघवीच्या निमित्ताने मागे गेलो, तिथून वळसा घालून चाचांकडे. चाचांनी तेच वाचलं, शब्दाला शब्द. परत आलो तर पहूरवाला माझ्या जागेत उभा होता, कारण तेवढ्यात रांग सरकली होती आणि मागचा हॉर्न देत होता. मला बघून बाजूला झाला. मी कुठे गेलो होतो ते त्याला दिसलं होतं, कारण चाचांचं दुकान समोरच आहे. दिसणार नाही असा वळसा मला घालता आला नाही.

नवव्या दिवशी मॅडमला फोन केला. ती म्हणाली ट्रेलर थांबला आहे. का थांबला? ड्रायव्हरच्या बहिणीचं लग्न आहे, तो ट्रेलर ढाब्यावर लावून गावी गेला आहे. मी म्हटलं, "मॅडम, माझी गाडी लग्नाला नेली नाही ना?" ती म्हणाली, "नाही सर, गाडी सेफ आहे." तिला विनोद कळत नव्हते. मलाही त्या दिवसांत माझे विनोद फारसे कळत नव्हते, ते आपले आपण बाहेर पडत होते.

झोप उडाली. जेवायला बसलो की ढाबा दिसायचा. बायको म्हणायची, "भाकरी का सोडली?" मी म्हणायचो, "ऊन लागलं." ती म्हणायची, "गाडी तर नाही, ऊन कुठे लागतं?" मी पाणी प्यायला उठायचो.

अकराव्या दिवशी मी जे केलं ते कोणाला सांगितलं नव्हतं. सकाळची एस.टी. धरून धुळ्याला गेलो. नाशिककडून येणारा रस्ता आणि आपला नागपूर-सुरत रस्ता धुळ्याच्या बाहेर जिथे भेटतात, तिथे जाऊन उभा राहिलो. म्हटलं ट्रेलर यायचा तर इथूनच येणार. खिशात देवापुढची हळद-कुंकवाची पुडी घेतली होती. दहा ट्रेलर गेले असतील. त्यावर गाड्या पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, आजारी माणसासारख्या. अकरावा ट्रेलर वेग कमी करून ढाब्याकडे वळला आणि त्याच्या मागच्या टोकाला, खालच्या मजल्यावर, माझी गाडी. तोच पांढरा रंग, तेच बंद तोंड, जाळी नसलेलं. मी पळत गेलो. ड्रायव्हर हात धुवायला उतरला होता. मी रॅम्पवर एक पाय ठेवून प्लास्टिक बाजूला केलं आणि बंपरवर पाच बोटं ओढली, हळदीची आणि कुंकवाची. डोळ्यात पाणी आलं होतं माझ्या.

मागून आवाज आला, "ओ चाचा, क्या कर रहे हो?"

"मेरी गाडी है."

"ये नागपूर की है. सब नागपूर की है."

तो बिचारा चांगला माणूस होता. त्याने शिव्या दिल्या नाहीत, बादली आणि फडकं दिलं. मी नागपूरच्या कोणाची तरी गाडी धुतली. हळद जाते, पण कुंकू नव्या रंगावरून लवकर निघत नाही, ते मला त्या दिवशी कळलं. नागपुरात कोणाच्या बंपरवर जरा गुलाबी झाक असेल तर ती माझी.

परत आलो तर पहूरवाला म्हणाला, "आज दिसला नाहीत भाऊ. बरं नव्हतं का?"

मी म्हटलं, "सर्व्हिसिंगला गेलो होतो."

चौदाव्या दिवशी दुपारी मॅडमचा फोन आला. "सर, अभिनंदन. तुमची गाडी यार्डात आली."

मी समोरच्या बॉनेटला धरलं, ते तापलेलं होतं, हात भाजला.

"उद्या येतो, मॅडम."

"उद्या नको सर. उद्या अमावस्या आहे. उद्या कोणी डिलिव्हरी घेत नाही, म्हणून आम्ही मुलांना सुट्टी देतो. परवा या. हार, पेढे, सगळं करू."

परवा म्हणजे सोळावा.

आमच्याकडे अमावस्येला गाडी सोडा, झाडूही कोणी विकत घेत नाही. माझी बायको त्या दिवशी पापडाचं पीठसुद्धा भिजवत नाही. आणि मी तिला सांगणार होतो की अमावस्येला गाडी दारात आणतो. मग मी काहीच सांगितलं नाही. पहाटेची एस.टी. धरली. ती म्हणाली, "कुठे?" मी म्हटलं, "नंबर प्लेटचं बघून येतो."

शोरूमला कुलूप नव्हतं एवढंच. आत एक वॉचमन आणि मॅडम. मी तिला आधी दोन-तीन विनोद सांगितले. मग तिने विचारलं, "सर, नक्की काय झालं आहे?" तेव्हा मी खुर्चीत बसलो आणि सगळं सांगितलं. नंबर, आबा, नाना, सात वाजता. सांगताना माझं मलाच आश्चर्य वाटलं, किती थोडं होतं ते सांगायला. तिने घरी असलेल्या मेकॅनिकला फोन केला. तो जेवून दोनला आला. तपासणी, कागद, तात्पुरता नंबर, अंगठा नाही सही, सही मला येते, आबांनी शिकवली होती. साडेचार वाजले.

मेकॅनिक म्हणाला, "भाऊ, अडतीस टक्के चार्ज आहे. दोन तास थांबा, फुल करून देतो."

"अडतीस किती लांब जाईल?"

"सांभाळून गेलात तर जळगाव निघेल."

सांभाळून हा शब्द मी ऐकला नाही. निघालो.

काय गाडी होती. आवाज नाही, हादरा नाही. मी खिडक्या लावून एसी पूर्ण सोडला आणि शंभरने हाणली. आणि वर हुशारी केली. डिझेलवाल्यांची जुनी सवय असते, उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, डिझेल वाचतं. आबांनी मला हे पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. मी प्रत्येक उताराला न्यूट्रल केली. मला वाटत होतं मी वाचवतो आहे. या गाडीचं उलटं असतं, उतारावर गिअरमध्ये ठेवली तर ती स्वतःचं स्वतः थोडं चार्ज करून घेते. ते मला पारोळ्याला कळलं. पारोळ्याला पोचलो तेव्हा आकडा चौदावर होता. मला अक्षर येत नाही, आकडे येतात. चौदा चांगला कळला.

हायवेला एका हॉटेलापुढे चार्जिंगचं मशीन होतं. गाडीत खुपसायची बंदूक एकच, माझ्यापुढे दोन गाड्या. सव्वापाचला मी तिथे रांगेत लागलो. पुढे एक कुटुंब होतं, ते सावकाश पाणीपुरी खात होतं. मी त्यांच्या पाणीपुऱ्या मोजत होतो. सहाला माझा नंबर लागला. हॉटेलातल्या पोराने मशीन चालू करून दिलं आणि सांगितलं, पाऊण तास तरी. पाऊण तास, मग साठ किलोमीटर. सात वाजता मी कुठेही असलो तरी जळगावात नव्हतो.

मी बायकोला फोन लावला. म्हटलं आता तिला दुसऱ्याकडून कळायला नको.

"अगं, एक सांगायचं आहे. गाडी धुळ्यात नव्हती इतके दिवस. आज मिळाली. आणि आज अमावस्या आहे, मला माहीत आहे. आणि सातपर्यंत मी पोचत नाही. आबांचा नंबर जातो आहे."

ती म्हणाली, "तुम्ही गाडीशिवाय रांगेत उभे राहता हे मला पहिल्याच दिवशी स्टँडवरच्या भाजीवालीने सांगितलं. टॉवेल कोणी ओला करून दिला तेही माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलता ते बघत होते." मग म्हणाली, "अमावस्येचं मी बघून घेते. तुम्ही नानांना फोन लावा. आणि गंमत करू नका."

नानांना लावला. त्यांचा बटणांचा फोन आहे, आवाज मोठा, सगळ्या स्टँडला ऐकू जातो.

"नाना, गाडी मिळाली. मी पारोळ्यात आहे. चार्जिंगला लावली आहे."

"तू पारोळाले शे?" नाना म्हणाले. "मंग मी काशीले शे."

मागे सगळे हसले. मी ऐकत होतो, सोळा हसला, अठरा हसला, चाचा हसले.

"नाना, खरं सांगतो. नवीकोरी गाडी. माझ्यासमोर उभी आहे."

"आवाज तर ऐकू येत नही भो."

अजून हसले. पंधरा दिवस मी सकाळी सकाळी ओरडत होतो, आली आली, बाजूला व्हा. पंधरा दिवस मी त्यांना शिकवलं होतं की मी गाडी म्हटलं की हसायचं. ते शिकले होते. मी म्हटलं, "नाना, देवाशप्पथ." ते म्हणाले, "सात वाजाले वीस मिनिट शेत," आणि फोन ठेवला.

खोटं नव्हतं बोलत मी, पण माझ्या आवाजात खरं कसं असतं तेच मला आठवेना. मी एकटाच त्या मशीनपाशी दोन-तीनदा म्हणून बघितलं, "गाडी आली आहे," वेगवेगळ्या आवाजात. पाणीपुरीवाला बघत होता.

मग मी पहूरवाल्याला व्हिडिओ कॉल लावला. दुसरं कोण होतं? मोठा फोन त्याच्याकडे होता. आणि तो म्हणाला तर नाना ऐकतील, कारण गाडी आली असं म्हणण्यात जगात सगळ्यात जास्त तोटा त्याचाच होता. हे सगळं मला कळत होतं. मी त्याला काय मागतो आहे तेही कळत होतं. तरी मी लावला. मी काही फार थोर माणूस नाही.

त्याचा चेहरा आला. मागे लिंब, ऊन उतरलेलं.

"भाऊ, कुठे आहात?"

मी काही न बोलता फोन फिरवला. गाडी दाखवली, बंदूक दाखवली, मशीनवरचा आकडा, रस्त्यावरची पारोळ्याची पाटी. परत त्याच्याकडे फिरवला. तो बघत होता. हसत नव्हता. त्याने विचारलं, "आत बसून दाखवा." मी आत बसलो. "नानांना सांग," मी म्हटलं. "तुला दिसलं ते सांग."

तो तसाच बघत राहिला. मला आधी वाटलं फोन अडकला. मग त्याच्या मागचा लिंब हलताना दिसला, म्हणजे अडकला नव्हता. तो विचार करत होता. दोन वर्षं भिंतीला जीप लावून उभा असलेला माणूस विचार करत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तेवढ्यात माझा फोन बंद पडला. गाडीला लावायला बंदूक होती, फोनला लावायला वायर नव्हती.

सातला दहा कमी असताना मी निघालो. एसी बंद, काचा खाली, साठच्या वर काटा नाही, उताराला गिअर. सात वाजले ते मला गाडीतल्या आकड्यावर दिसलं, सात शून्य शून्य. मी तो आकडा सात शून्य एक होईपर्यंत बघितला, समोरून ट्रक येत होता तरी. मग अंधार पडला. एरंडोल गेलं, पाळधी गेलं.

स्टँडवर पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. नानांची खुर्ची लिंबाला उलटी टेकवलेली. गाड्या नाहीत. भिंतीला एक जीप लावलेली, आणि बॉनेटवर पहूरवाला बसलेला.

मी उतरलो.

"नाव आहे भाऊ," तो म्हणाला. "खोडलं नाही. नानांनी विचारलं, गाडी दिखनी का तुले? मी म्हटलं, दिसली. पक्की का? पक्की. मग डोळ्याला दिसली ना, झालं, म्हणून त्यांनी वही मिटली. उद्या सकाळी रांगेला लावा म्हणाले."

मी त्याच्या शेजारी बॉनेटवर बसलो. त्याने गाडीकडे बघितलं, चांगली आहे म्हणाला, रंग चांगला घेतला म्हणाला.

"फोन का नाही केलास?" मी म्हटलं. मग आठवलं की माझाच बंद होता.

"केला. लागला नाही. म्हटलं थांबतो, तुम्ही घाबरत घाबरत याल. घाई करू नये गाडी नवीन असताना."

मग तो म्हणाला, "आता एक काम करा. घरी माझी बायको वाट बघते आहे. तिला वाटतंय आज आपला नंबर लागला. तिने नारळ आणून ठेवला आहे. दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. काय सांगू तिला? तुम्ही बोलण्यात हुशार आहात. काहीतरी द्या असं, की ती हसेल."

मी शोधलं. खरंच शोधलं. पन्नास वर्षं मी माणसांना हसवतो आहे. काही सापडलं नाही.

मी म्हटलं, "लाव फोन. मी बोलतो."

त्याने लावला आणि माझ्या हातात दिला. एका घंटीतच तिने उचलला. "झालं का हो?" मागे पोरं बोलत होती, तिने त्यांना गप्प केलेलं ऐकू आलं.

"वहिनी, मी सतरा नंबरवाला बोलतो," मी म्हटलं. "माझी गाडी आली. तुमच्या माणसाने नानांना खरं सांगितलं, म्हणून माझा नंबर राहिला. नाहीतर आज तो तुमचा होता."

पहूरवाला जमिनीकडे बघत होता. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.

मग ती म्हणाली, "बरं. त्यांना म्हणावं, जेवण झाकून ठेवलं आहे. नेरीच्या पुढे रस्ता खोदला आहे, हळू या."

मी त्याला तसंच सांगितलं, नेरीच्या रस्त्यासकट.